हातपाय हलवून काय होतं?
वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

व्हेंटिलेटरवर गुंगीत किंवा बेशुद्ध असलेल्या माणसाचे सांधे दुसऱ्याने हलवायचे, या व्यायामाबद्दल आमच्याकडे बरीच पत्रं आली. नागपुरातलं सरकारी मेडिकल असो, मेयो असो की धंतोली-रामदासपेठेतलं खासगी रुग्णालय, आयसीयूबाहेर बसलेल्या नातेवाइकांना हा प्रश्न पडतोच. लहान रुग्णालयांतल्या सिस्टर-ब्रदरनीही नेमकं कसं करायचं ते विचारलं आहे. म्हणून या वेळची सगळी जागा याच विषयाला. पत्रं थोडक्यात दिली आहेत.

प्रश्न : बाबा निमोनियामुळे नऊ दिवसांपासून व्हेंटिलेटरवर आहेत. फिजिओ येतात, दहा-पंधरा मिनिटं हातपाय वरखाली करतात आणि जातात. बाबांना तर काही कळत नाही. यानं ताकद येते का? नसेल येत, तर हे कशासाठी? (मानेवाडा)

ताकद येत नाही, हे आधी स्पष्ट सांगतो. स्नायू स्वतः आकुंचन पावला तरच तो टिकतो आणि वाढतो. दुसऱ्याने हात उचलला तर काम उचलणाऱ्याचा स्नायू करतो. गंभीर आजारात स्नायू फार वेगाने झिजतात. लंडनमधल्या रुग्णांवरचा एक अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. त्यात मांडीच्या पुढच्या स्नायूच्या आडव्या छेदाचं क्षेत्रफळ दहा दिवसांत सरासरी १७ ते १८ टक्क्यांनी घटलेलं दिसलं, आणि ज्यांचे एकाहून अधिक अवयव निकामी झाले होते त्यांची झीज आणखी जास्त होती. नुसतं पडून राहणं हे त्याचं एकच कारण नाही. शरीरभर पसरलेला जंतुसंसर्ग, वाढलेली साखर, स्टेरॉइड, स्नायू शिथिल करणारी औषधं हे सगळं एकत्र येऊन स्नायू आणि नसा दोन्ही पोखरतं. दिवसातून दोनदा हातपाय हलवून ही झीज थांबत नाही.

मग हे करायचं सांध्यांसाठी. न हललेल्या सांध्याचं आवरण आक्रसतं, स्नायूची लांबी कमी होते, आणि माणूस शुद्धीवर येतो तेव्हा कोपर सरळ होत नाही, टाच जमिनीला टेकत नाही. कॅनडातल्या एका पाहणीत (२००८) आयसीयूत दोन आठवडे किंवा त्याहून जास्त राहिलेल्या १५५ रुग्णांपैकी ३९ टक्के जणांचा निदान एक मोठा सांधा आखडलेला आढळला. त्यात कोपर सर्वांत पुढे होतं. ताकद हळूहळू परत येऊ शकते, पण आखडलेला घोटा असेल तर आलेली ताकद चालायला कामी येत नाही.

दुसरा फायदा कमी बोलला जातो. दिवसातून दोनदा कुणीतरी तुमच्या बाबांचा प्रत्येक सांधा हातात घेऊन बघतं. टाच लाल झाली आहे, एकच पोटरी सुजली आहे, डावा हात उजव्यापेक्षा जड लागतोय, या गोष्टी मॉनिटरवर दिसत नाहीत. हात लावणाऱ्याला कळतात.

तुम्ही डॉक्टरांना एक गोष्ट जरूर विचारा : गुंगीचं औषध रोज काही वेळ थांबवून बघता येईल का? २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, औषध थांबवून रुग्ण जागा असतानाच लवकर व्यायाम सुरू केलेल्यांपैकी ५९ टक्के जण घरी जाताना स्वतःची कामं स्वतः करू शकत होते. नेहमीच्या पद्धतीने उपचार झालेल्यांत हेच प्रमाण ३५ टक्के होतं. मात्र जितकं जास्त तितकं चांगलं असंही नाही. २०२२ सालच्या एका मोठ्या, अनेक देशांतल्या अभ्यासात नेहमीच्या व्यायामापेक्षा आणखी जोर लावल्याने फायदा दिसला नाही, उलट हृदयाची लय बिघडणं, रक्तदाब आणि ऑक्सिजन कोसळणं असे प्रकार वाढले. बाबा हुकूम पाळू लागले की फिजिओ हात धरून "आता तुम्ही उचला" म्हणतील. त्या दिवसाची वाट बघा, आणि तो आल्यावरही जर कुणी नुसतेच हात उचलून देत असेल तर तोंडाने विचारा.

प्रश्न : मी कामठीजवळच्या एका छोट्या रुग्णालयात स्टाफ नर्स आहे. आमच्याकडे सहा खाटांचा आयसीयू आहे, फिजिओ रविवारी नसतात. रात्रपाळीत आणि रविवारी आम्हीच हे व्यायाम करावेत असं ठरलं आहे. क्रम, किती वेळा, काय धरायचं, काय टाळायचं, सगळं सविस्तर सांगा.

आधी फाइल वाचा, मग हात लावा. हाड मोडलेलं आहे का, मणक्याला इजा आहे का, पायात रक्ताची गुठळी सापडली आहे किंवा तिचा संशय आहे का, मेंदूत दाब वाढला आहे का, कुठे रक्तस्राव सुरू आहे का, रुग्ण पालथा ठेवला आहे का. यातलं काहीही असेल तर डॉक्टरांच्या लेखी सूचनेशिवाय सुरुवात नको. रक्तदाब टिकवून धरणारं इंजेक्शन, म्हणजे बहुतेक ठिकाणी नॉरॲड्रेनलीन, गेल्या दोन तासांत वाढवावं लागलं असेल तर थांबा. व्हेंटिलेटरवर ऑक्सिजन ६० टक्क्यांच्या वर किंवा पीप (श्वास सोडल्यावरही फुप्फुसात ठेवलेला दाब) १० च्या वर असेल तर खाटेवरचे हलके व्यायामही डॉक्टरांना विचारूनच करा.

मग नळ्या. ईटी ट्यूब (तोंडातून श्वासनलिकेत घातलेली नळी) ओठाशी किती सेंटिमीटरवर आहे तो आकडा बघा आणि लक्षात ठेवा, शेवटी तोच आकडा परत बघायचा आहे. ट्यूबच्या टोकाशी असलेल्या फुग्याचा, म्हणजे कफचा, दाब २० ते ३० सेंटिमीटर पाणी इतका हवा. सर्किटमध्ये, म्हणजे व्हेंटिलेटरच्या नळ्यांत, पाणी साचलं असेल तर ते आधी काढा, कारण खांदा हलवताना सर्किट उचललं गेलं की ते पाणी रुग्णाच्या श्वासनलिकेकडे धावतं. सक्शनची (नळीतला बेडका ओढून काढण्याची) गरज असेल तर आधी करून घ्या आणि पाच मिनिटं जाऊ द्या. डोक्याकडची बाजू ३० अंशांवरच ठेवा, या व्यायामांसाठी रुग्णाला सपाट झोपवण्याचं कारण नाही. सपाट करावंच लागलं तर राइल्स ट्यूबमधलं (नाकातून पोटात गेलेल्या नळीतलं) फीड आधी बंद. युरोबॅग (लघवीची पिशवी) पाय उचलताना मूत्राशयाच्या वर जाता कामा नये. आणि सुजलेल्या हातापायांवर अंगठ्या, जोडवी राहिली आहेत का ते बघा. घरच्यांना बोलावून, समजावून, सही घेऊन ती काढा. सूज वाढली की कापून काढावी लागतात, आणि तोवर बोट काळं पडायला लागलेलं असतं.

खाट तुमच्या कमरेच्या उंचीला आणा. ज्या बाजूचा हात किंवा पाय हलवायचा त्याच बाजूला उभं राहा, पलीकडून वाकून ओढू नका. रुग्ण बेशुद्ध असला तरी नावाने हाक मारा आणि काय करणार ते सांगा.

खांद्यापासून सुरुवात करा. एक तळवा कोपराखाली, दुसऱ्याने मनगट हलकं धरायचं, रुग्णाचा अंगठा छताकडे. हात समोरून हळूहळू वर, ९० अंशांपर्यंत. पुढे सहज जात असेल तरच न्या. लकवा मारलेल्या, लुळ्या खांद्याला ९० च्या वर नेऊ नका आणि कुठल्याही रुग्णाचा हात मनगटाला धरून ओढू नका. स्नायू सैल असल्यामुळे खांदा खोबणीतून खाली सरकतो, आणि ती दुखापत पुढे महिनोन् महिने छळते. हात बाजूने वर नेताना एक बारकावा आहे : ९० अंशांच्या आसपास दंड बाहेरच्या बाजूला फिरवून तळहात वर करून घ्यायचा, मगच पुढे न्यायचं. न फिरवता दामटलं तर दंडाच्या हाडाचा उंचवटा वरच्या हाडाखाली अडकतो आणि मधला स्नायूबंध चिमटला जातो.

कोपर पूर्ण सरळ करा आणि पूर्ण दुमडा. भर सरळ करण्यावर द्या. आयसीयूतल्या रुग्णाचे हात बहुतेक वेळ पोटावर दुमडलेले असतात, म्हणून कोपर वाकलेल्या स्थितीतच आखडतं. कोपर ९० अंशांत ठेवून तळहात वर-खाली फिरवायला विसरू नका. तळहात वर वळला नाही तर घास तोंडापर्यंत पोचत नाही, ओंजळीत पाणी घेता येत नाही.

मनगटात आर्टरी लाइन (रक्तदाब सतत मोजण्यासाठी धमनीत घातलेली बारीक नळी) असेल तर ते मनगट वाकवायचं नाही. बोटं आणि कोपर हळू हलवा, आणि झाल्यावर मॉनिटरवरची लहर पूर्वीसारखी आहे का ते बघा. लाइन नसेल तर मनगट पुढे-मागे. बोटं सगळी मिळून मिटवा, मग उघडा, पण बोटं उघडताना मनगट सैल ठेवा. दोन्ही एकदम मागे ताणू नका. मानेच्या मणक्याला इजा झालेल्या रुग्णाच्या बाबतीत हे फारच महत्त्वाचं, कारण त्याच्या बोटांच्या वाकलेपणाचाच पुढे वस्तू पकडायला उपयोग होतो. अंगठा तळहातापासून बाजूला काढा, हा अगदी छोटा प्रकार आहे आणि तोच सर्वांत जास्त राहून जातो.

पायाला एक हात गुडघ्याखाली, दुसरा टाचेखाली. गुडघा पोटाकडे न्या, खुब्यात ९० अंशांपर्यंत. जांघेत डायलिसिस कॅथेटर असेल तर किती वाकवायचं ते डॉक्टरांकडून ठरवून घ्या, सहसा खूप कमीच ठेवलं जातं, आणि संपल्यावर जांघेत ओलावा किंवा सूज बघा. खुबा बदललेला असेल तर ९० च्या पुढे नाही, पाय दुसऱ्या पायावरून आडवा नाही, आत फिरवणं नाही, पण कुठल्या बाजूने शस्त्रक्रिया झाली त्यावर नियम बदलतात म्हणून शल्यचिकित्सकांना विचारा. मग पाय बाजूला उघडून परत आणा. शेवटी पाऊल सरळ छताकडे येईल इतका पाय आत फिरवा. पडून असलेल्या माणसाचा पाय आपोआप बाहेर लोळतो. तसाच तासन् तास राहिला की गुडघ्याच्या बाहेरच्या उंचवट्याशी जाणारी नस गादीवर दाबली जाते आणि पाऊल लोंबायला लागतं.

घोट्यावर जास्त वेळ द्या. टाच तळव्यात धरा, तुमचा कोपरापर्यंतचा पुढचा हात रुग्णाच्या तळपायाला टेकवा, आणि बोटं ओढण्याऐवजी स्वतःचं अंग मागे झुकवून टाच खाली ओढत पाऊल वर आणा. नुसता चवडा दाबला तर पाऊल मधूनच वाकतं. बघणाऱ्याला वाटतं घोटा वाकला, प्रत्यक्षात टाचेमागचा स्नायूबंध तसाच राहतो. हे आधी गुडघा सरळ ठेवून करा, नंतर थोडा दुमडून. पोटरीचा मोठा स्नायू गुडघ्याच्या वर जाऊन चिकटतो, त्याला ताण द्यायचा तर गुडघा सरळच हवा, आणि खालच्या स्नायूसाठी दुमडलेला. प्रत्येक वेळी २० ते ३० सेकंद थांबा, तीन ते पाच वेळा.

बाकी सांध्यांना प्रत्येकी पाच ते दहा वेळा पुरे. एका दिशेने जायला चार-पाच सेकंद. भराभर हलवलं तर ज्याला मेंदूचा आजार आहे त्याचे स्नायू उलट आणखी ताठ होतात. चारही हातापायांना मिळून १५ ते २० मिनिटं लागतात. दिवसातून दोनदा करा, अंग पुसण्याच्या आणि कूस बदलण्याच्या वेळेला जोडलं तर रुग्णाला वेगळं उठवावं लागत नाही. शेवटची ओढ जाणवते तिथे थांबायचं, तिच्या पलीकडे नाही. आयसीयूतल्या वयस्कर रुग्णाची हाडं ठिसूळ असतात, जोर लावून मांडीचं हाड मोडू शकतं.

संपल्यावर ट्यूबचा आकडा परत बघा. खाट वर-खाली केली असेल तर आर्टरी लाइनचा ट्रान्सड्यूसर, म्हणजे दाब मोजणारा भाग, हृदयाच्या पातळीवर परत आणा. तो १० सेंटिमीटर खाली राहिला तर रक्तदाब खऱ्यापेक्षा साधारण ७ ते ८ ने जास्त दिसतो, आणि कुणीतरी त्या आकड्यावरून औषध कमी करतं. पोटरीखाली उशी ठेवून टाच अधांतरी करा. गुडघ्याखाली उशी ठेवून सोडू नका. रुग्णाला आराम वाटतो खरा, पण खुबा आणि गुडघा दोन्ही वाकलेले आखडतात.

प्रश्न : आईचे पाय हलवताना मशीन ओरडायला लागली, आकडे लाल झाले. फिजिओ म्हणाले, "होतं असं," आणि दोन मिनिटांनी परत सुरू केलं. हे बरोबर आहे का? (नंदनवन)

दोन मिनिटं थांबून आकडे पूर्ववत झाले असतील तर बरोबर आहे. हलवल्यावर नाडी थोडी वाढते, खोकला येतो, खोकल्याने व्हेंटिलेटरचा दाबाचा अलार्म वाजतो. मॉनिटरचा क्लिप बोटावरून सरकला तरी आकडा लाल होतो.

थांबायलाच हवं ते असं : ऑक्सिजन ८८ च्या खाली जाऊन वर येत नाही, नाडी १३० च्या वर किंवा ४० च्या खाली, सरासरी रक्तदाब ६५ च्या खाली किंवा ११० च्या वर, श्वास मिनिटाला ४० च्या वर, हृदयाची लय नव्याने बिघडली, किंवा रुग्ण आणि मशीन एकमेकांविरुद्ध श्वास घेताहेत. तोंडात ट्यूब असलेला माणूस दुखतं हे सांगू शकत नाही. कपाळावर आठ्या, डोळे घट्ट मिटणं, हात मागे खेचणं, ट्यूब चावणं, हे बघायचं असतं. असं दिसलं तर वेदनाशामक देऊन अर्ध्या तासाने परत करावं. सहन होतंय म्हणून रेटू नये.

प्रश्न : भावाला मण्यार चावला. डोळे उघडत नाही, हात हलत नाही, मशीनवर श्वास आहे. डॉक्टर म्हणतात मेंदू चांगला आहे. मग तो बेशुद्ध दिसतो कसा? त्याचे हातपाय हलवताना त्याला कळतं का? (गडचिरोलीहून, सध्या मुक्काम नागपूर)

कळतं. मण्यारचं विष नसेकडून स्नायूकडे जाणारा संदेश तोडतं, मेंदूला हात लावत नाही. पापण्या उचलणारे स्नायूही लुळे पडतात म्हणून डोळे मिटलेले. बाहुल्यासुद्धा मोठ्या आणि स्थिर दिसू शकतात, त्यावरून कुणी मेंदू गेला असं समजू नये. तुमचा भाऊ ऐकतो, स्पर्श जाणवतो, दुखतंही. तुमच्या गावातली, घरातली माणसं खाटेशी काय बोलतात याचं भान ठेवा. "आता काही खरं नाही" असं त्याच्या उशाशी कुणी बोलू नये.

नसेच्या टोकाला झालेली ही इजा भरून यायला दिवस लागतात. एकदा बसलेला लकवा प्रतिविषाच्या आणखी बाटल्यांनी लगेच सुटत नाही. त्या काळात सांधे मोकळे ठेवणं हेच फिजिओचं काम. चावलेला भाग सुजलेला असेल तर तो हात किंवा पाय फार हलवू नये, उंचावर आधाराने ठेवावा. त्याची पापणी आपल्या हाताने वर उचला आणि त्याला बघू द्या कोण आलंय ते. आधी सिस्टरना विचारा, आणि पूर्ण न मिटणाऱ्या डोळ्यांत मलम घातलंय का तेही विचारा.

प्रश्न : धाकटा भाऊ कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन बारा दिवस व्हेंटिलेटरवर होता. बरा होऊन घरी आला. आता तीन आठवड्यांनी पोटऱ्यांत गोळे येतात, मुंग्या येतात, चालताना दोन्ही पावलं आपटतात. तिथे व्यायाम नीट केला नाही म्हणून असं झालं का? (यवतमाळ)

व्यायामामुळे किंवा तो न केल्यामुळे झालं असं दिसत नाही. काही ऑर्गनोफॉस्फेट कीटकनाशकांमुळे विषबाधेनंतर साधारण एक ते तीन आठवड्यांनी लांब नसांना इजा होते. ती पायांपासून सुरू होते आणि दोन्ही बाजूंना सारखी असते. पोटरीत गोळे, मग मुंग्या, मग पाऊल लोंबणं, हा क्रम तुम्ही लिहिला तोच. एकाच पायाचं पाऊल लोंबत असतं तर गुडघ्याशी नस दाबली गेल्याचा संशय आम्ही घेतला असता. नसांची तपासणी, म्हणजे एनसीव्ही, करून घेतली की फरक कळतो. न्यूरॉलॉजिस्टना दाखवा आणि फवारणीच्या औषधाचं रिकामं डबडं किंवा त्यावरचं नाव सोबत न्या.

भाऊ आता जागा आहे, म्हणून घोट्याचा व्यायाम त्याने स्वतः करायचा. खाटेवर पाय लांब करून बसायचं, ओढणी किंवा दुपट्टा चवड्याला अडकवून दोन्ही हातांनी स्वतःकडे ओढायचं, गुडघा सरळ, ३० सेकंद, दिवसातून तीन-चार वेळा. पाऊल वर धरणारी प्लास्टिकची पट्टी मापाने बनवून बुटात घालायची. अनवाणी शेतात जाऊ नये, मुंग्या असलेल्या पायाला काटा रुतलेला कळत नाही.

जे रुग्ण अजून रुग्णालयात आहेत त्यांच्या घरच्यांसाठी एक सूचना. विषबाधेनंतर एक ते चार दिवसांत, माणूस सुधारतोय असं वाटत असताना, मानेचे आणि श्वासाचे स्नायू अचानक कमजोर होऊ शकतात. डोकं उशीवरून उचलता येईना झालं की ताबडतोब डॉक्टरांना हाक मारा. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि मजूर दगावले. तेव्हापासून मास्क, हातमोजे हे सगळ्यांना ठाऊक झालं, पण मानेची ही खूण अजूनही फार थोड्यांना ठाऊक आहे.

प्रश्न : भाच्याला सिकलसेल आहे, एसएस (आई-वडील दोघांकडून आलेला). छातीत गुंतागुंत होऊन तो व्हेंटिलेटरवर आहे. त्याचा उजवा पाय फिरवताना नाडी एकदम वाढते. चालू ठेवावं का? (पाचपावली)

तो पाय फिरवणं आजपासून बंद करायला सांगा. सिकलसेलमध्ये खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटून हाड मरू शकतं, आणि विदर्भात सिकलसेल जितका आहे त्यामानाने आयसीयूत हा प्रश्न विचारला जात नाही. भाचा आधी लंगडत होता का, जांघेत किंवा गुडघ्यात दुखतं म्हणायचा का, पायऱ्या चढताना थांबायचा का, हे फिजिओंना तुम्हीच सांगू शकता. सुरुवातीला एक्स-रे चांगला दिसतो, एमआरआयमध्ये कळतं. तोवर खुबा सहज जाईल तितकाच वाकवायचा, आत-बाहेर फिरवायचं नाही. घोटा आणि गुडघा चालतील. दुखऱ्या सांध्यावर बर्फ ठेवू नका. गारठ्याने रक्तवाहिन्या आकसतात आणि सिकलसेलचं दुखणं वाढतं. एसीच्या वाऱ्यापासूनही पाय झाकून ठेवा.

प्रश्न : आम्ही घरचे तेल लावून मालीश करू का? (बऱ्याच पत्रांतून)

पोटरीची मालीश अजिबात नको. पडून असलेल्या माणसाच्या पोटरीत गुठळी असू शकते आणि चोळल्याने ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. एक पाय दुसऱ्यापेक्षा जाड, गरम किंवा घट्ट लागला तर हात न लावता सिस्टरना सांगा. तेलाने ईसीजीचे स्टिकर आणि नळ्यांच्या चिकटपट्ट्याही सुटतात. तुम्ही करायचं ते हे : हात साबणाने धुऊन, सिस्टरना विचारून, रुग्णाची बोटं मिटवा-उघडा, अंगठा बाजूला काढा, तळहात वर वळवा. चष्मा आणि ऐकण्याचं यंत्र असेल तर आणून द्या. जागा झाल्यावर त्याला दिसलं-ऐकू आलं तर फिजिओची सूचना तो पाळू शकतो.

प्रश्न : सासूबाई पाच आठवडे मेंदूच्या दुखापतीने आयसीयूत होत्या. आता घरी आहेत. डावं कोपर ४० अंशांच्या पुढे सरळ होत नाही, गरम लागतं. शेजारचे म्हणतात मनगटाला विटेचं वजन बांधून लोंबकळू द्या. (काटोल)

वजन बांधू नका. मेंदूच्या किंवा मणक्याच्या दुखापतीनंतर आणि भाजल्यानंतर सांध्याभोवतीच्या मऊ भागात नवं हाड तयार होऊ शकतं. सांधा गरम, सुजलेला आणि दिवसागणिक कमी हलणारा, ही त्याची लक्षणं. जोर लावला की आतल्या आत इजा होऊन आणखी हाड बनण्याची भीती असते. काटोलहून नागपूर जवळ आहे, याच आठवड्यात मेडिकलच्या किंवा मिहानमधल्या एम्सच्या अस्थिरोग ओपीडीत दाखवा, डिस्चार्ज कार्ड आणि जुने एक्स-रे सोबत न्या.

एक्स-रेत नवं हाड नसेल तर कोपर मऊ ऊतींमुळे आखडलं आहे. तेव्हा दिवसातून काही मिनिटांची ओढाताण फारशी पुरत नाही. फिजिओ सांध्याच्या मापाची पट्टी बनवून देतील. ती सुरुवातीला दोन-दोन तास बांधायची आणि प्रत्येक वेळी काढल्यावर कातडी बघायची. लाली अर्ध्या तासात गेली नाही तर पट्टी घट्ट आहे, परत नेऊन बदलून घ्या. त्या हाताने त्यांना स्वतःला जेवढं होईल तेवढं करू द्या, अगदी ताटातली पोळी तोडण्यापासून.